जुगारावर औषध नसते? सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या सोमवारी मी माझ्या मुलाला घेऊन पुण्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेले होते. केसपेपर काढणाऱ्या कर्मचाऱ्याने कोणते व्यसन, असे विचारले. मी 'ऑनलाइन जुगार' असे सांगितले. त्यावर 'दारू-गांजा असेल तर बोला, जुगारावर औषध नसते, पोलीस असतात' असे उत्तर मिळाले आणि रांगेत हशा पिकला. कित्येक महिने विनवण्या करून तेथवर आणलेला माझा मुलगा त्या हशासरशी निघून गेला, आणि आता डॉक्टरांचे नाव काढू देत नाही. सुचवल्याप्रमाणे मी पोलीस चौकीतही जाऊन आले. तेथे सौजन्याने समजावण्यात आले की नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला आहे, आणि खेळवणारा परदेशात आहे.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. दहावीच्या बीजगणितातील संभाव्यता मी वर्षानुवर्षे शिकवली आणि माझ्या मुलाचा त्यात हातखंडा होता. सलग पाच वेळा छापा पडला तरी सहाव्या वेळी काटा पडण्याची शक्यता निम्मीच असते, हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांची घासाघीस करणारा हा माणूस रात्री पांघरुणात मोबाइलचा उजेड कमी करून बसतो. त्याच्या खात्याचा उतारा मी पाहिला आहे: साडेअकराला दोनशे, बाराला पाचशे, मग दोन हजार, आणि पहाटे तीनच्या सुमारास एकदम चाळीस हजार, तेही काही मिनिटांपूर्वीच एका कर्जाच्या ॲपवरून जमा झालेले. हरलेले भरून काढायचे म्हणून प्रत्येक डाव आधीच्याहून मोठा. 'शिकलेला आहे ना, त्याला अक्कल नाही का?' असे सगळ्या नातेवाइकांनी विचारून झाले. अक्कल आहे, महोदय. डाव लावायच्या क्षणी ती कामास येत नाही, आणि आजार म्हणतात तो हाच.

हे मी आईच्या मायेपोटी म्हणत नाही. अमेरिकेत आयोवा येथे बेचारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पत्त्यांच्या चार गड्ड्यांचा प्रयोग मांडला. दोन गड्ड्यांत मोठा लाभ पण शेवटी त्याहून मोठा फटका, उरलेल्या दोहोंत लाभ लहान आणि फटकाही लहान. धडधाकट माणूस काही पाने उचलल्यावर वाईट गड्ड्यांपासून हात आखडता घेतो. मेंदूच्या पुढच्या विशिष्ट भागाला इजा झालेले रुग्ण मात्र तोटा होत असूनही तेथेच हात घालत राहिले. पुढे जुगाराचे व्यसन जडलेल्यांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा त्यांचीही निवड त्याच वळणाची निघाली. थोडक्यात हुकलेला डाव मेंदूचे काही भाग जिंकल्यासारखेच चेतवतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही हे व्यसन आहे. ॲप बनवणाऱ्यांना हे सारे पाठ असावे. आपल्या केसपेपरच्या खिडकीपर्यंत ते पोहोचलेले नाही. आणि हे त्या पुण्यात, जेथे १९८६ पासून मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती संस्था व्यसन हा आजार आहे असे सांगत आली आहे!

कायदे काय म्हणतात? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील आजाराच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थ नावानिशी आहेत, जुगार नाही. विमा कंपनीचा नकार घरी येऊन पडला आहे, कारण 'कोणतीही व्यसनाधीन अवस्था' पॉलिसीतून वगळलेली असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरील बंदीचा कायदा मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये तीन दिवसांत दोन्ही सभागृहे आणि राष्ट्रपतींची संमती ओलांडून आला. ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २०,००० कोटी गमावतात, असे तेव्हा सरकारच्या हवाल्याने छापून आले. भागाकार केल्यास माणशी साडेचारशे रुपयेही होत नाहीत. मग आमचे घर कोणत्या हिशेबात धरले?

खरे तर सरकारला जुगाराचे वावडे कधी होते? राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे. कॅसिनोला परवानगी देणारा राज्याचा १९७६ चा कायदा न वापरता कपाटात ठेवला होता, तो रद्द करायला २०२३ उजाडले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ऑनलाइन डावांसाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी सुरू झाला, म्हणजे माझ्या मुलाच्या आजारात सरकारची भागीदारी होती. जुलै २०२५ मध्ये सभागृहात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली. आपण जाहिरात बंद करत होतो, असे ते म्हणाले, आणि पंधरवड्यात त्यांचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले. सरकारला विनोदबुद्धी नाही, असे कोणी म्हणू नये. बंदीनंतर माझा मुलगा काही काळ परदेशी लिंकवर होता, आता तो शेअर बाजारात 'ऑप्शन' करतो, म्हणजे शेअरचा भाव पुढे चढेल की उतरेल यावर पैसे लावतो. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात अशा फ्युचर्स-ऑप्शन व्यवहारांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले, असे शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबीच म्हणते. झोप तीच उडालेली, कर्ज तसेच वाढणारे, फक्त आता त्याला जुगारी कोणी म्हणत नाही, गुंतवणूकदार म्हणतात.

मागणे फार नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जुगाराच्या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस आणि त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक असावा, केसपेपरवर त्या आजाराची नोंद व्हावी. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावरचा जुगार बंद केला. आपण निदान एवढे करा की रुग्णाने भानावर असताना लिहून दिले, तर बँकेने त्याचे रात्रीचे व्यवहार आणि झटपट कर्जे रोखावीत, आणि ती बंदी त्याच रात्री उठवता येऊ नये. माझा मुलगा स्वतः म्हणतो, 'आई, माझे सकाळचे ऐक, रात्रीचे ऐकू नकोस.' बँका आपल्या अखत्यारीत नाहीत, हे मला माहीत आहे. दिल्लीला पत्र लिहिणे तरी आपल्या अखत्यारीत असावे.

एक शेवटची विनंती. हे पत्र 'पुढील योग्य कार्यवाहीसाठी' गृहखात्याकडे पाठवू नये. त्या चौकीत मी जाऊन आले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सिंहगड रस्ता, पुणे