चिमीच्या सुट्टीबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आईचा आवाज भरून येतो आणि मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते. म्हणून लिहितेय. यंदा मे महिन्यात चिमीला कऱ्हाडला एकटी ठेवणार नाही. मी रजा टाकली आहे. तिच्याबरोबर येईन आणि तिला घेऊनच परतेन. तुमच्यावर विश्वास नाही असं कृपा करून मनात आणू नका. मीही तुमच्याच हाताखाली वाढले ना!

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, पोटाच्या दुखण्याला मेंदूचा डॉक्टर कशाला? चिमीचं पोट फारसं बिघडलेलं नव्हतंच. तिचा तोल जायचा. जिन्याचा कठडा सोडायची नाही, पेन्सिल धरली की हात थरथरायचा. वजन मात्र हलत नव्हतं. एमआरआयमध्ये काही दिसेना, तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनीच टीटीजीची रक्ततपासणी सांगितली, गहू सोसत नसला तर ती वाढलेली दिसते. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून खात्री केली. सिलिॲक. गहू, जव यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं, आणि काही जणांत तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवरही. कुणाला फिट येतात, कुणाचं डोकं सारखं दुखतं. एवढ्या लहान मुलांत तोल जाण्यापर्यंत क्वचितच पोचतं म्हणे. आपल्याच वाट्याला आलं. लहान मेंदूतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, पण वेळेत गहू थांबवला तर पुष्कळ सुधारतं. चिमी सुधारते आहे. परवा झोपाळ्यावर स्वतः चढली.

म्हणून ‘एका घासानं काय होतंय’ हे आता चालणार नाही, आई. परीक्षेच्या दिवसांत मी नको नको म्हणताना तू पोळी-गूळ-तुपाचा लाडू माझ्या तोंडात कोंबायचीस, त्याची चव अजून जिभेवर आहे. चिमीला तोच लाडू भाकरी कुस्करून करून दे. बघ, दुसरा मागते की नाही.

ती उपाशी राहील ही काळजी सोडा. वरण-भात, घावन, नाचणीचं सत्त्व, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू सगळं चालतं. ज्वारी मात्र गिरणीतून दळून आणू नका, तिथे आधी गहू दळलेला असतो. पीठ मी आणते. तवा, पोळपाट-लाटणंही आणते, त्यावर पोळी लाटायची नाही. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा तिच्या फोडणीत हिंग नको. मेतकुटातही तू गहू घालतेस. तुझं मेतकूट तिला फार आवडतं, तेव्हा नवीन कर, बिनगव्हाचं, आणि बरणी वेगळी ठेव. रत्नामावशीला दृष्ट काढायचीच असेल तर मीठ-मोहऱ्यांनी काढू दे, पण पोरीच्या तोंडात काही घालायचं नाही.

आता घाबरू नका. घरातल्यांनीही तपासून घ्या असं डॉक्टर म्हणाले होते, आणि माझीही टीटीजी वाढलेली निघाली. मला त्रास काही नाही, पुढची तपासणी ठरली आहे. पण आई, तुझं हिमोग्लोबिन गोळ्या खाऊनही वर येत नाही, आणि साखर नॉर्मल असताना तळपायांना मुंग्या येतात. तेव्हा याच आठवड्यात रक्त द्यायचं. टीटीजी आणि बी-१२, दोन्ही. उपाशीपोटी जायची गरज नाही. आणि रिपोर्ट येईपर्यंत पोळी सोडू नकोस. गहू बंद केला की रक्तात काही सापडेनासं होतं. बाबा, ‘बघू पुढं’ नको, तुम्ही स्वतः घेऊन जा. कुणाकडून कुणाला आलं, हे मात्र घरात कुणीही उकरायचं नाही. आईनं तर मुळीच नाही.

आम्ही दुपारच्या गाडीनं येऊ. उन्हात स्टँडवर येऊन उभे राहू नका, रिक्षा करू आम्ही.

तुमची,
बेबी