फ्लोरेन्सचा नियम अर्धाच वाचला जातोय

संपादक महोदय,

गेल्या रविवारी तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, पुण्याच्या पेठांमध्ये परदेशी बर्गर-पिझ्झावाल्यांना बंदी करा, इटलीत फ्लोरेन्सने केली तशी. कळकळ पटली. पण माझी मुलगी तिकडे असते, मी आणि हिने दोन खेपा मिळून त्या गावात तीनेक महिने काढलेत, आणि पत्र वाचताना सारखं वाटत होतं की यांनी नियम अर्धाच वाचलाय, म्हणून हे लिहितोय.

झालं असं की २०१६ साली मॅकडोनाल्ड्सने ड्युओमोच्या चौकात जागा मागितली. ड्युओमो म्हणजे तिथलं मुख्य चर्च, वर ब्रुनेलेस्की या वास्तुकाराचा तो लाल कौलांचा घुमट, १४३६ ला पुरा झालेला, मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी एका नजरेत मावत नाही. तेव्हाचे महापौर नार्देल्ला नाही म्हणाले आणि कंपनीने उलट नगरपालिकेवरच जवळपास १ कोटी ८० लाख युरोंचा दावा ठोकला. इथवर सगळ्यांना माहितीये. पण महापौरांच्या हातातला नियम काय होता? तर जुन्या शहरात नवीन खाण्याचं दुकान काढायचं असेल तर ७० टक्के माल आसपासच्या मुलखातला हवा. दुकानदार कुठल्या देशाचा हा प्रश्नच नाही, उद्या मिलानचा माणूस ट्रकभर गोठवलेला पिझ्झा घेऊन आला तरी तोही अडकणार. आणि मॅकडोनाल्ड्स गावात नाही असं तर मुळीच नाही हो, रेल्वे स्टेशनात आहे, नातवाने आम्हाला तिथे ओढत नेलंय.

पत्रलेखकांना हवा आहे तसला नियम दुसऱ्याच गावाने केला होता. लुक्का, फ्लोरेन्सहून ट्रेनने दीडेक तास, तटबंदीचं सुरेख गाव, तटावरून लोक सायकली फिरवतात. २००९ मध्ये तिथल्या नगरपालिकेने तटाच्या आत नवीन 'एथनिक', म्हणजे परमुलखातल्या जेवणाची, हॉटेलं बंद असं ठरवलं, कबाबवाले बाहेर म्हणून. देशभर टीका झाली आणि मग इटलीच्याच सिसिली बेटाचं जेवण एथनिक धरायचं की नाही यावरच वाद सुरू, म्हणजे बघा! आपण तसं केलं तर पहिला बळी इराण्याचा जाणार, कारण तो तर नावानेच परदेशी. वडापावाचं तर विचारूच नका, बटाटा, मिरची, पाव, तिन्ही पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेले. फ्लोरेन्सवालेही ज्या टोमॅटोचा एवढा तोरा मिरवतात तो अमेरिका खंडातूनच आलाय.

मग वाचवायचं काय असतं, तर फ्लोरेन्सच्या सान लोरेन्झो मंडईजवळ मी जे बघितलं ते. लाम्प्रेदोत्तो म्हणतात त्याला, गाईच्या चौथ्या पोटाचा भाग, मोठ्या पातेल्यात कांदा टोमॅटो सेलरी घालून तासन्‌तास रटरटत असतो. आम्ही खाल्लं नाही, ही तर दहा फूट लांब तोंड फिरवून उभी होती. पण गाडीवाल्याचा हात बघत राहावा असा, काट्याने तुकडा उचलायचा, फळीवर कचाकचा कापायचा, पावाचा वरचा अर्धा भाग त्याच कढणात बुचकळून वर ठेवायचा, हिरवी चटणी, मीठ मिरी, झालं. समोर बांधकामावरचा मजूर, टाय लावलेला वकीलछाप माणूस आणि पिशव्या घेतलेल्या दोन आज्या, सगळे उभ्याने खातायत, मिसळीला तर्री मागावी तसं जास्तीचं कढण मागतायत. हिला पुढे रिबोल्लिता मिळालं, शिळा पाव, घेवडा आणि पाला घालून परत उकळलेलं, पहिल्या घासाला म्हणाली अहो ही तर यांची फोडणीची पोळी. शिळं टाकायचं नाही हे तिकडच्या बायकांनाही कळलं होतं.

ही गाडी कुणामुळे उठेल? बर्गरमुळे नाही, भाड्यामुळे उठेल. २०१६ च्याच शेवटी रोममध्ये व्हॅटिकनला खेटून मॅकडोनाल्ड्स उघडलं, वरच्या मजल्यांवर कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, राहतात, त्यांनी आरडाओरडा केला, पण जागा कुणाची तर व्हॅटिकनच्याच मालमत्ता खात्याची! महिना ३० हजार युरो भाडं ठरल्याच्या बातम्या होत्या. तेवढे पैसे लाम्प्रेदोत्तोवाला कुठून आणणार, आणि घरमालक पोप असो की पेठेतला वाडेवाला, जो जास्त देतो त्यालाच जागा देतो.

आणि अस्सल देशी माल विकून गावाची वाट लागत नाही असंही नाही. फ्लोरेन्सातच देई नेरी नावाची गल्ली आहे, तिथे स्थानिक हॅम-चीजच्या सँडविचसाठी एवढ्या रांगा लागायला लागल्या की लोक दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून खायचे, शेवटी २०१८ मध्ये जेवणाच्या वेळी त्या भागात रस्त्यावर थांबून खायला बंदी आली, दंड १५० युरोपासून पुढे. त्याच्या आदल्या वर्षी तर चर्चच्या पायऱ्यांवर दुपारी पाणी मारून ठेवायचे, कुणी डबा उघडून बसू नये म्हणून. कायद्याने ७० टक्के स्थानिक, सगळं मान्य, तरी गल्लीत राहणाऱ्या बाईला स्वतःच्या दारातून बाहेर पडता येईना.

आता आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याचं सांगतो. खाली तीन गाळे होते, एक चांभार, एक कल्हई आणि स्टोव्ह रिपेअरवाला, एक पिठाची गिरणी. आज तिथे मोबाईलची कव्हरं, सँडविच आणि अमृततुल्य. हे अमृततुल्य म्हणजे आपलं जुनं, पितळी पातेल्यातलं वगैरे नाही बरं का, फ्रँचायझीवालं, बोर्डपासून कपापर्यंत सगळं छापील. तिघेही मालक मराठी. पत्रलेखकांच्या बंदीने यातला एकही गाळा हलत नाही. हलवायचं असेल तर महापालिकेने जुन्या भागात कुठल्या गाळ्यात कुठला धंदा चालेल हे ठरवावं, गिरणी-कल्हई-शिंप्याला घरपट्टीत सूट द्यावी, आणि एका गल्लीत खाण्याची दुकानं किती याला काहीतरी माप लावावं, मग मालक अमेरिकन असू दे नाहीतर सदाशिव पेठी.

गिरणीवाला सध्या वारज्याला आहे. गव्हाचा डबा घेऊन मी बसने जातो, ही म्हणते पाकिटातलं पीठ आणा, पण त्या पिठाच्या पोळीला पदर सुटत नाही.

– एक जुना वाचक, नारायण पेठ, पुणे