पाणी मोजणारी माणसं हवीत

महोदय,

वरूड तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे. शेजारच्या वावरातली विहीर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर आहे. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, अशी वर्षातून 4 वेळा तिची पाणीपातळी मोजतात. मे महिन्यात भर उन्हात आलेल्या तंत्रज्ञ पोराने पहिला प्रश्न केला, "काका, मोटर कधी बंद केली?" उपसा नुकताच झाला असेल तर आकडा फसवा येतो. मग त्याने टेप सोडली, ओली खूण पाहिली, कठड्याची उंची वजा केली, पुन्हा एकदा मोजलं आणि तेव्हाच वहीत लिहिलं.

आमचा तालुका अतिशोषित, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसणारा, ठरला तो अशाच आकड्यांवरून. पण माझ्या मुलाने सिव्हिलचा डिप्लोमा केला, पण असंही काम असतं हे त्याला कॉलेजात कुणी सांगितलं नाही! आता तो पुण्यात फ्लॅटच्या साइटवर आहे. इथल्या विहिरी, नाले, खडक ओळखणारी पोरं इथंच या कामाला लागावीत. पॉलिटेक्निकांनी ऑक्टोबरच्या मोजणीला विद्यार्थी सोबत पाठवावेत, आणि आलेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा.

– एक संत्रा उत्पादक, ता. वरूड, जि. अमरावती