तारेशेजारचं घर

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यावर आईने मला दोनदा विचारलं, "पोरगी एवढी का घाबरलीय?" मी म्हटलं, तिच्या घराशेजारून उच्च दाबाची वीजलाइन जाते, त्यात मोबाइलची भर. तू पाठवलेला स्क्रीनशॉट बघितला. ॲपमध्ये 43 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आणि खाली लाल पट्टी. अगं, ते पृथ्वीचं चुंबकत्व! होकायंत्राची सुई फिरवणारं. आपल्याकडे ते 40 च्या आसपास असतंच. मी इथे तुळशीपाशी तेच ॲप उघडलं तर तेवढाच आकडा आला. ते एका जागी स्थिर असतं. तारेतल्या विजेचं क्षेत्र सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होतं आणि ते मोजायला वेगळा मीटर लागतो.

माझी 31 वर्षं 220 केव्हीच्या, म्हणजे 2 लाख 20 हजार व्होल्टच्या, वीज उपकेंद्राच्या यार्डात गेली. हवा दमट असली की तारा करकरायच्या. रात्रपाळीत जुनी ट्यूब नुसती हातात धरून लाइनखाली उभं राहिलं की ती मिणमिणायची. नव्या पोरांना आम्ही मुद्दाम दाखवायचो, त्यांचे चेहरे बघायला मजा यायची. तो व्होल्टेजचा खेळ, म्हणजे विद्युत क्षेत्राचा. त्याला भिंत बऱ्यापैकी अडवते, आणि शरीराच्या आत तर ते लाखो पटींनी कमी होतं. उलट तुझ्या स्वतःच्या चेतापेशीच्या पडद्यावर 70 मिलिव्होल्ट असतात. ऐकायला किरकोळ, पण पडदा इतका पातळ की हिशेब दर मीटरला जवळजवळ 1 कोटी व्होल्टचा होतो. आमच्या यार्डात जमिनीलगत काही हजार भरायचे.

चुंबकीय क्षेत्राचं मात्र तसं नाही. ते भिंतीतून जातं, अंगातूनही जातं. ते ठरतं अँपिअरवर, म्हणजे तारेतून किती प्रवाह वाहतो त्यावर, मी दर तासाला लॉगशीटवर लिहायचो त्या आकड्यावर. म्हणून एकाच तारेखाली सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं.

तू विचारलंस, "बाळाला काही होईल का?" "काही होत नाही गं" म्हणून मोकळा होणार नाही. 1979 साली अमेरिकेत डेन्व्हर शहरात दोघा संशोधकांनी कॅन्सर झालेल्या मुलांची घरं आणि बाहेरच्या तारा तपासल्या, तिथून हा विषय सुरू झाला. पुढे 2000 साली अनेक देशांची माहिती एकत्र केली, तेव्हा सरासरी 0.4 मायक्रोटेस्लाच्या वर राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट दिसला. पण अशा घरांतली मुलं 1 टक्क्याहूनही कमी होती आणि आजार मुळातच विरळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2002 साली याला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात ठेवलं. तो गट म्हणजे शंकेला जागा आहे, पुरावा तोकडा आहे.

पेशीत नक्की काय घडतं, इथे सगळे अडकलेत. 50 हर्ट्झच्या लहरीत रासायनिक बंध तोडण्याइतकी ताकद नाही, जवळपासही नाही. तरी 2002 साली व्हिएन्नात माणसाच्या त्वचेतल्या पेशींवर 5 मिनिटं चालू, 10 मिनिटं बंद असं क्षेत्र दिलं तर डीएनएचे धागे तुटलेले दिसले. गंमत म्हणजे सलग दिलं तेव्हा दिसले नाहीत. 2005 साली इटलीत तोच प्रयोग पुन्हा केला, काही सापडलं नाही. अमेरिकेत तर अशा क्षेत्राचा पेशीतल्या कॅल्शियमवर परिणाम होतो, हा एक गाजलेला निष्कर्ष चौकशीत बनावट ठरला. मात्र पेशींना चुंबकत्व कळतच नाही असंही म्हणवत नाही. न जुळणाऱ्या हाडावर स्पंदनांचं चुंबकीय क्षेत्र देण्याच्या यंत्राला अमेरिकेत 1979 सालीच मान्यता मिळाली. त्याची ताकद घरातल्यापेक्षा हजारो पट आणि लहरीचा आकारही निराळा.

तुझा एजंट म्हणतो ना, "मर्यादा 200 मायक्रोटेस्ला आहे, इथे 2 पण नसेल"? आकडा खरा आहे, आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाचा, 2010 चा. पण ती मर्यादा मज्जातंतूंना लगेच बसणाऱ्या झटक्यासाठी घातलीय, वर्षानुवर्षं राहण्यासाठी नाही. त्याचा 200 आणि आपला 0.4 हे दोन वेगळ्या प्रश्नांचे आकडे.

जावईबापूंनी खालून पावलं मोजली, 40 मीटर. तुमच्याइथल्यासारख्या 220 केव्हीच्या लाइनखाली मोकळा ठेवायचा पट्टा दोन्ही बाजू धरून साधारण 35 मीटरचा असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या बराच बाहेर. लाइनच्या तीन फेज, म्हणजे तीन तारांची क्षेत्रं, एकमेकांना बरंचसं खोडून काढतात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की क्षेत्र साधारण चौथाई. पण पाचवा मजला तारांच्या पातळीला येतो, तेव्हा जमिनीवरची पावलं पुरत नाहीत.

म्हणून शनिवारच्या पहिल्या एसटीने येतोय. टेस्टिंगमधल्या जुन्या मित्राचा मीटर घेतलाय. पलंगाच्या उशाशी आणि पाळणा ठेवणार तिथे मोजू, संध्याकाळी लोड वाढल्यावर पुन्हा मोजू. सतत 0.4 च्या वर आला तर पाळणा पलीकडच्या खोलीत, आणि तिथेही आला तर भाड्याचंच घर आहे, बदलू. हेअर ड्रायर मात्र रीडिंग घेताना बंद ठेव. कानाशी धरलेला ड्रायर मीटरला त्या लाइनपेक्षा जास्त नाचवतो.

आणि गच्चीवर पोरं पतंग उडवतात म्हणालीस, त्याची मला खरी काळजी वाटते. ओला मांजा तारेला लागला तर पेशीबिशी बघायला वेळच मिळत नाही. मी येईपर्यंत सेक्रेटरींना सांगून गच्चीला कुलूप लावून घे.

तुझा,
बाबा