अंगणवाडीच्या बाईंना, वेर्ण्याहून

बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे.

शिगम्यानंतर, म्हणजे आमच्या होळीच्या सणानंतर, आईचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या पेन्शनचे, महिन्याचे दोन हजार रुपये येणे थांबले. २००१ पासूनची ही योजना. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे औषधपाणी त्यावरच चालते. कारण एवढेच, की हयातीचा दाखला वेळेत गेला नव्हता. माणूस जिवंत, चूल पेटलेली, पण कागदावर पत्ता नाही! मला ती काही बोलली नाही. माझे कंत्राट संपलेले, हे तिला कळले होते.

तिकडे रेशनच्या दुकानात वेगळेच. अंत्योदय कार्डावरचे ३५ किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. पण यंत्राने अंगठा ओळखायला हवा ना? आईने वीस वर्षे काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. चिकाने बोटे जळून जळून गुळगुळीत झालेली. यंत्राला त्यात रेघ सापडेना. दुकानदार तरी काय करणार, पण दोनदा ती रिकाम्या पिशवीने परतली.

तुम्ही खिचडीचे पातेले उतरवताना तिला दारावरून जाताना पाहिलेत आणि हाक मारलीत. जेवलीस का, एवढेच विचारलेत म्हणे. मग दुसऱ्या दिवशी कदंब बसने तिला वालपईला नेलेत. आधारला माझा कधीच बंद पडलेला नंबर जोडलेला होता, तो बदलून घेतलात. बोटे उमटत नाहीत तर डोळे घ्या, असे तिथल्या पोराला ठणकावलेत. हे आई हसून हसून सांगते. आता ओटीपी तिच्याच फोनवर येतो. तिला वाचता येत नाही, म्हणून आकडे शेजारची मुलगी वाचते. हयातीच्या दाखल्यासाठी तुम्ही आणखी तीन फेऱ्या मारल्यात. हे तुमचे काम नव्हते. पोरे, पोषण आहार, रजिस्टरे सांभाळून तुमच्याकडे वेळ उरतो तरी किती?

गणपतीच्या चवथीच्या आधी पैसे पुन्हा सुरू झाले. गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान आईने स्वतःच्या पैशांनी आणले. मी पोचलो तेव्हा हळदीच्या पानातल्या पातोळ्या शिजत होत्या, आणि मला त्या खाताना लाज वाटली.

तिने तुमच्यासाठी सोलां, म्हणजे आमसुले, बांधून ठेवली आहेत. नको म्हणू नका. बसभाडेही तुम्ही घेतले नव्हते.

तुमचा,
वेर्ण्यात राहणारा तिचा मुलगा