रुंद चेहरा म्हणजे तापट स्वभाव?

संपादक महोदय,
'रुंद जबड्याचे पुरुष भांडखोर' असा एक मजकूर हल्ली मोबाईलवर फिरतो आहे. मुळात संशोधक मोजतात ते जबडा नव्हे, तर दोन्ही गालांच्या हाडांमधले अंतर. त्याला भुवई ते वरच्या ओठापर्यंतच्या उंचीने भागतात. 2008 मध्ये कॅनडातील संशोधक कॅरे आणि मॅककॉर्मिक यांनी आइस हॉकीपटूंचे चेहरे असे मोजले. रुंद चेहऱ्याचे खेळाडू धसमुसळ्या खेळाबद्दल जास्त मिनिटे खेळाबाहेर बसण्याची शिक्षा भोगताना दिसले. मजकूर इथेच संपतो! पुढे 2012 मध्ये व्यावसायिक हॉकीपटूंचा मोठा गट तपासला, तेव्हा शिक्षेशी नाते जुळले ते वजनाचे, चेहऱ्याचे नव्हे. 2017 मध्ये संशोधक मायकेल कोसिन्स्की यांनी 1,37,163 जणांची माहिती पडताळली. या लोकांनी स्वतः सांगितलेल्या आपल्या स्वभावाशी चेहऱ्याच्या रुंदीचा म्हणावा असा संबंध निघाला नाही. रुंद चेहरा बघून 'हा आडदांड असणार' असे बघणाऱ्याला वाटते, एवढे मात्र खरे. माझे थोरले दीर तसेच दिसतात. रिक्षावाले त्यांच्याशी वाद घालत नाहीत. घरात मांजरसुद्धा त्यांना जुमानत नाही.

– एक वाचक, सातारा