पीएसएलव्ही नको, आधी आरएच-७५ कर

चि. पिंकीस,

अगं तुझा मेसेज रात्री वाचला पण सेकंड शिफ्ट होती, आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहूनच पाठवतोय. पीएसएलव्हीचं उडणारं मॉडेल करायचं म्हणतेस, कर की, पण पहिलं ते नको. खरं पीएसएलव्ही ४४ मीटर उंच आणि २.८ मीटर जाड, १:१०० ला ४४ सेंमी लांब आणि २८ मिमीची नळी, हिशोब झकास बसतो, पण त्याला फिन्स, म्हणजे शेपटाकडचे पंख, कुठेत? खऱ्याला दिशा सांभाळणारी यंत्रणा असते, आपल्या पुठ्ठ्याच्या नळीला काय आहे? मग लोक पारदर्शक प्लास्टिकचे फिन्स चिकटवतात नाहीतर नोजमध्ये, म्हणजे पुढच्या टोकात, वजन भरतात, मला ते पटत नाही.

त्यापेक्षा आरएच-७५ घे. आपल्या देशात बनलेलं पहिलं साउंडिंग रॉकेट, म्हणजे वरच्या हवेची मोजमापं घेणारं छोटं रॉकेट, १९६७ ला केरळातल्या थुंब्याहून उडालेलं, ७५ मिमी व्यास म्हणून ते नाव. १:३ ला बरोब्बर २५ मिमी नळी, आणि फिन्स मुळातच आहेत. बाणाची पिसं मागे असतात ना, तसंच हे, हवेचा दाब जिथे एकवटतो तो पॉइंट बॅलन्स पॉइंटच्या निदान एक नळीभर मागे पाहिजे. चेक करायला मोटर, म्हणजे रॉकेटला ढकलणारी इंधन भरलेली नळकांडी, आत बसवून बॅलन्स पॉइंटला दोरा बांधायचा, टेप मारायची आणि डोक्यावर गरगर फिरवायचं, नोज पुढे राहिला तर पास, आडवंतिडवं झालं तर फिन्स थोडे मोठे कर, स्केल जरा बिघडलं तरी चालेल. आणि फिन कापताना लाकडाची रेष पुढच्या कडेला समांतर ठेव, नाहीतर पहिल्याच लँडिंगला काडकन तुटेल.

अॅल्युमिनियमचा नोज मागितलास, लेथवर मला ते दहा मिनिटांचं काम ए पण देणार नाही. पॅराशूट नाही उघडलं तर तो कुणाच्या तरी डोक्यात जाईल. हलकं लाकूड बघून ठेवलंय.

आणि मोटर घरी किंवा होस्टेलवर बनवायची नाही, यूट्यूबवर कुणी काहीही दाखवो. १९५७ मध्ये अमेरिकेत पोरं स्वतः मोटरमध्ये स्फोटकाची दारू भरून जखमी व्हायला लागली तेव्हा हॅरी स्टाइन नावाच्या रॉकेटवाल्याने त्यावर लिहिलं, ते वाचून कार्लाइल नावाच्या बूट विकणाऱ्या माणसाने आपली छोटी तयार मोटर त्याला पाठवली, हा छंदच तिथनं वाढला. कॉलेजच्या सरांना पुढे घाल, स्फोटकांचा कायदा आहे, पेसो म्हणजे स्फोटकांचे परवाने बघणारं सरकारी खातं, त्याचं हेड ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, काय लागेल ते रीतसर विचारा. सी६-५ नावाची तयार मोटर मिळाली तर बास, ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटन जोर आणि ५ म्हणजे जळून झाल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट बाहेर.

उडवायला देवळालीकडे नको, तिथे तोफखान्याची रेंज, ओझरला विमानतळ. मामाचं सिन्नरकडचं कांद्याचं रान निघाल्यावर मोकळंच असतं, सकाळी वारा पडलेला असताना जाऊ, वाळकं गवत आधी काढून पाणी मारू. पेटवायचं बॅटरीवर, पाच मीटर लांबून, आणि पेटवायच्या स्विचची चावी माझ्या खिशात. पॅराशूट हौसेने मोठं करू नकोस, वाऱ्याने पलीकडच्या द्राक्षाच्या मांडवावर गेलं तर मालक मामाला बोलेल, मला नाही.

आता नळीचा आतला डाया, म्हणजे व्यास, व्हर्नियरने मोजून पाठव, दोन-तीन ठिकाणी फिरवून मोज, पुठ्ठ्याची नळी कधी गोल नसते. त्याशिवाय मी नोजचं लाकूड लेथच्या चकला लावणार नाही.

तुझे पप्पा